शॉट चुकल्यावर मुलगा कुठे बघतो?

प्रश्न थोडक्यात असा : मुलगा १२ वर्षांचा, पुण्यातल्या एका क्लबात दोन वर्षं बास्केटबॉल खेळतोय. वडील स्वतः कॉलेजकडून खेळलेले, त्यामुळे मॅच चालू असताना ते बाहेरून त्याला सांगत असतात. सर फार ओरडतात आणि मुलाला जेमतेम सहा-सात मिनिटं खेळवतात. मागच्या मॅचनंतर वडील सरांशी बोलायला गेले, तर भांडणच झालं. आता मुलगा म्हणतो, ‘बाबा, तुम्ही मॅचला येऊ नका.’ चुकलं कुणाचं, आणि क्लब बदलावा का?

शेवटून सुरुवात करतो. ‘तुम्ही येऊ नका’ हे बारा वर्षांचं पोर उगाच बोलत नाही. आठवडाभर तरी ते मनात घोळवलेलं असतं. मी तेवीस वर्षं मुलांना शिकवतोय, मधली काही वर्षं रेफरी म्हणून शिट्टीही वाजवली. बहुतेक मुलं हे बापाला सांगत नाहीत, मला येऊन सांगतात : ‘सर, बाबांना तुम्हीच सांगा ना.’ तुमच्या मुलानं तुम्हाला तोंडावर सांगितलं, म्हणजे तुमच्या घरात अजून बोलता येतं. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. पुढचं सगळं त्याच्या जिवावर करायचं आहे.

आता एक काम करा. त्याला विचारून पुढच्या मॅचला जा आणि बॉलकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. शॉट चुकला किंवा पास तुटला की पुढच्या क्षणी त्याची मान कुठे वळते? शॉट चुकला की खेळाडूनं एक तर रिबाउंडला, म्हणजे उडून आलेला बॉल पकडायला घुसायचं, नाहीतर डिफेन्सला मागे पळायचं. ज्या मुलांना बाहेरून आवाज येत असतात ती नेमकी तेव्हाच बाहेर बघतात. काही स्टँडकडे, काही बेंचकडे, आणि फारच नशीबवान असतील तर आधी इकडे, मग तिकडे. तेवढ्यात समोरचा पोरगा रिंगखाली पळत जाऊन लेअप टाकून मोकळा झालेला असतो. मग बाहेरून परत आवाज : ‘अरे, डिफेन्सला कोण जाणार?’

बॉल हातात आल्यावर मुलाला अर्ध्या सेकंदात बरंच काही बघायचं असतं. समोरचा अंगावर आलाय की लांब आहे, कोपऱ्यातला मित्र मोकळा आहे का, आपली ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत पुढे न्यायची संधी, शिल्लक आहे की मारून झाली. तुम्हाला ते बाहेरून त्याच्याआधी दिसतं, कारण तुम्ही उंचावर बसलाय आणि तुमच्या अंगावर कुणी धावून येत नाहीये. तुम्ही ‘शूट!’ म्हणता, तो आवाज त्याच्यापर्यंत पोचून त्याला कळेपर्यंत समोरच्याचा हात वर आलेला असतो. त्यानं ऐकलं तर ब्लॉक खातो. नाही ऐकलं तर घरी जाताना ऐकतो. आणि ऐकून बास्केट पडलीच, तर ते सगळ्यात वाईट. मग तो पुढच्या वेळीही तुमच्या आवाजाची वाट बघत बॉल धरून उभा राहतो. अशी मुलं मी लांबून ओळखतो : बॉल पकडला की पिव्होटवर, म्हणजे एक पाय रोवून, दोन वेळा फिरतात, घाबरून नव्हे, कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून.

तुम्ही स्वतः खेळलेले आहात, हे सांगायला तुम्ही विसरला नाहीत. रागवू नका, पण खेळलेला बाप न खेळलेल्या बापापेक्षा अवघड असतो. न खेळलेला ‘कम ऑन, कम ऑन’ करून थांबतो. खेळलेला प्रत्येक वेळी बॉल आपल्याकडे आला की कुणी कुठे पळायचं ते बाहेरून लावून देतो. शिवाय तुमच्या मनातला खेळ तुमच्या काळातला असतो. तुम्ही २००५-०६च्या आसपास कॉलेजला असाल, तर तुमच्या वेळी रिंगखालचा पट्टा खाली पसरत जाणारा होता आणि थ्री पॉइंटची लाइन ६.२५ मीटरवर होती. २०१० मध्ये तो पट्टा आयताकृती झाला, लाइन ६.७५ वर गेली. २०१७ मध्ये पावलांचा नियम बदलला : पळता पळता बॉल पकडला तर पकडतानाचं पाऊल शून्य धरतात, त्यानंतर दोन. तुमच्या डोळ्याला ते तीन दिसतं. मैदानाबाहेरून ‘ट्रॅव्हल! रेफरी, ट्रॅव्हल!’ (म्हणजे पावलं जास्त झाली) असं जे सगळ्यात ठामपणे ओरडतात ते जवळजवळ नेहमी जुने खेळाडू असतात, आणि रेफरी असतो एकोणीस-वीस वर्षांचा कॉलेजचा मुलगा. दिवसभरात पाच-सहा मॅच काढून त्याला जे मिळतं त्यात पेट्रोल आणि जेवण निघतं. एक-दोन सीझन हे ऐकून घेतो आणि सोडून देतो. मग पुढच्या वर्षी आपणच म्हणतो, चांगले रेफरी मिळत नाहीत.

इथपर्यंत तुम्हाला वाटलं असेल की हा माणूस कोचच्या बाजूनं बोलणार. नाही. बेंचवरून केलेली आरडाओरड स्टँडमधल्या आरडाओरडीपेक्षा वाईट, कारण मुलाला ती ऐकावीच लागते. मी स्वतः अनेक वर्षं तसाच होतो. प्रत्येक ड्रिबलला सूचना. ‘डावीकडे! नको, परत! पास, पास, अरे कुणाला देतोस!’ त्याला मी कोचिंग म्हणत होतो. खरं म्हणजे हातात रिमोट धरून व्हिडिओ गेम खेळत होतो आणि बटणं नीट चालत नाहीत म्हणून चिडत होतो.

एकदा चौदा वर्षांखालच्या एका लोकल स्पर्धेत मला मॅच चालू असताना बाहेर काढलं. नियम असा की कोचच्या नावावर त्याच्या स्वतःच्या वागण्याबद्दल दोन टेक्निकल फाऊल (धक्काबुक्कीचे नव्हे, वागणुकीचे) लागले की त्यानं बाहेर जायचं. बेंचवर नाही, स्टँडमध्येही नाही. आपल्याकडे कोर्ट उघडं, ड्रेसिंग रूम कुठली असणार? मी फाटकाबाहेर जाऊन जाळीला लागून, उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभा राहिलो. शेजारी एक आजोबा होते, हातात नातवाची पाण्याची बाटली. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, ‘तुमचा कुठला?’ म्हटलं, माझा कुणी नाही, मी त्या निळ्यांचा सर. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा कोर्टकडे बघितलं आणि म्हणाले, ‘मग आत कोण बघतंय?’

आत माझी असिस्टंट होती, तेव्हा कॉलेजात शिकणारी मुलगी. ती फारसं बोललीच नाही. टाइमआऊट घेतला, पाणी दिलं, काहीतरी दोन वाक्यं सांगितली. आणि मला जाळीतून दिसलं ते असं की आमचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल वर आणून खेळ लावणारा मुलगा, ज्याला मी वर्षभर ‘बोल, बोल’ म्हणून डोकं खात होतो, तो बोलत होता. हातानं दाखवत होता, एकाला कोपऱ्यात पाठवत होता, दुसऱ्याला झापत होता. माझ्या आवाजाखाली त्याचा आवाज वर्षभर दबलेला. मॅच आम्ही नऊ पॉइंटनी हरलो, त्यामुळे माझ्या टेक्निकलवर समोरच्यांना मिळालेले फ्री थ्रो कुणी मोजले नाहीत. पण जाळीबाहेर उभं राहून मला आणखी एक कळलं : बाहेरून प्रत्येक पास चुकीचाच वाटतो. ओरडायची उबळ पोटातून येते. तुम्हा पालकांचं काय होतं ते त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं.

थ्री बाय थ्री बघितलंय का तुम्ही? टोकियो ऑलिम्पिकपासून ते पदकाचा खेळ आहे. एक रिंग, तीन-तीन खेळाडू, दहा मिनिटं किंवा २१ पॉइंट. त्यात मॅच चालू असताना कोच कोर्टवर नसतो, आणि बाहेर बसून सूचना द्यायलाही मनाई आहे. सब कधी करायचा, टाइमआऊट कधी घ्यायचा, सगळं खेळाडू ठरवतात. आम्ही आता महिन्यातला एक शनिवार असाच ठेवतो. पालक आणि मी एका बाकावर, तोंडं बंद. पहिल्या शनिवारी मुलांनी पाच मिनिटं नुसती भांडणं केली. आता भांडतात, पण खेळतातही.

आता मिनिटांचं बोलू, कारण नव्वद टक्के वाद तिथूनच पेटतो. सरळ गुणाकार आहे. लहान गटाची मॅच समजा सहा मिनिटांच्या चार क्वार्टरची. म्हणजे २४ मिनिटं, कोर्टवर पाच जण : एकूण १२० मिनिटं वाटायला. संघात बारा मुलं. समान वाटली तरी प्रत्येकाला दहाच येतात. पण बाराही घरांत अपेक्षा पंधरा-वीसची असते, म्हणजे दोनशेच्या आसपास मिनिटं लागतील. नसलेली मिनिटं कोच कुठून आणणार? तुमच्या मुलाची सहा-सात मिनिटं समान वाट्यापेक्षा कमी आहेत, हे खरंच आहे. बारा वर्षांच्या मुलांत इतका फरक करू नये असं माझं मत आहे. या वयात जो उंच आहे तो फक्त लवकर वाढलाय, आणि सोळाव्या वर्षी चित्र पार उलटं झालेलं मी पाहिलंय. आमच्याकडे या गटात पहिल्या तीन क्वार्टरमध्ये प्रत्येकाला खेळवायचं, चौथा कोचचा, असा नियम आहे. तो आम्ही सीझनच्या सुरुवातीलाच पालकांना सांगतो. नियम कोणताही असो, तो आधी सांगितलेला असला की निम्मं भांडण तिथेच मिटतं. तुमच्या सरांनी सांगितला होता का? तुम्ही विचारला होता का?

आणि कधी कधी कारण फार साधं असतं. दुसऱ्या क्वार्टरमध्येच मुलाच्या नावावर तीन फाऊल लागले, तर कोच त्याला बसवणारच. पाचव्याला तो बाहेरच जाणार. स्टँडमधून फाऊल मोजले जात नाहीत, पॉइंट मोजले जातात. माझ्यावर सगळ्यात जास्त चिडणाऱ्या एका बाबांना मी स्पर्धेत टेबलवर बसवलं, स्कोअरशीट लिहायला. टेबलवरच्या माणसाला तोंड उघडता येत नाही. दोन मॅचनंतर ते मला म्हणाले, ‘सर, हा फाऊल फार करतो हो.’ मी म्हटलं, हो.

सरांशी बोलण्याबद्दल. मॅच संपल्या संपल्या कोर्टच्या कडेला बोललात, तिथेच बिनसलं. तेव्हा कोचचं डोकं तापलेलं असतं, तुमचं तापलेलं असतं, आणि बूट सोडत बसलेली बारा मुलं कान टवकारून असतात. मध्ये एक पूर्ण दिवस जाऊ द्या. फोन करून वेळ मागा, प्रॅक्टिसच्या आधी किंवा नंतर पंधरा मिनिटं. मुलाला सांगून जा. त्याहून चांगलं म्हणजे पहिला प्रश्न त्यालाच विचारू द्या : ‘सर, मला जास्त खेळायचं असेल तर मी काय सुधारू?’ बारा वर्षांच्या मुलानं हे विचारल्यावर ज्या कोचला उत्तर देता येत नाही, त्याच्याबद्दल तुम्हाला जे कळायचं ते कळलं. तुम्ही बोललात तर फक्त आपल्या मुलाबद्दल बोला. ‘त्या अमक्याला का खेळवता, याला का नाही’ हे वाक्य निघालं की मी तरी ऐकणं बंद करतो. मोबाइलवर काढलेले व्हिडिओ दाखवू नका. आणि मागच्या प्रसंगाबद्दल ‘त्या दिवशी माझा आवाज चढला’ एवढं म्हणा. कोचचाही चढला असेल. तो म्हणेल, नाही म्हणेल, तुम्ही म्हणा.

घरी जातानाचा रस्ता हा वेगळाच विषय आहे. तुमच्याकडे गाडी आहे की स्कूटर माहीत नाही, पण स्कूटरवरचं दृश्य मी रोज बघतो. पोरगं मागे, पाठीवर सॅक, मांडीत बॉल. बाबा पुढे बघत वाऱ्यात बोलतायत, हेल्मेटमधून अर्धं ऐकू येतंय, आणि सिग्नलला गाडी थांबली की मान मागे वळवून राहिलेलं अर्धं. मुलगा ‘हो’ म्हणतो. पुढच्या सिग्नलला परत ‘हो’. त्या वेळात तो काही शिकत नाही. तो फक्त घर यायची वाट बघतो. काय खाणार, एवढंच विचारा. मॅचचं त्याला बोलायचं असेल तर वडापाव संपेपर्यंत तो स्वतःच काढतो.

हे सगळं इतकं तापतं का, तेही बघायला हवं. आपल्याकडे खेळ नुसता खेळ नसतो. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत तालुका-जिल्ह्यापासून विभाग आणि राज्यापर्यंत जातात. वरच्या पातळीवर खेळलं की दहावी-बारावीला वाढीव गुण, कॉलेजात स्पोर्ट्स कोटा, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण. म्हणजे एका सर्टिफिकेटमागे आईबाप दहा वर्षं पुढचं बघत असतात. यात हसण्यासारखं काही नाही. पण दोन गोष्टी. एक, सर्टिफिकेट निवडलेल्या बाराही जणांना मिळतं, वीस मिनिटं खेळणाऱ्यालाही आणि दोन मिनिटं खेळणाऱ्यालाही. दोन, तुमचा मुलगा सातवीत आहे. त्याच सर्टिफिकेटच्या पायी जन्मतारखा फिरवल्या जातात. मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात, तेव्हा रडणारं पोर असतं, दाखला ‘दुरुस्त’ करणारे मोठे नसतात. कधी पालक, कधी कोच, बऱ्याचदा दोघं मिळून.

शाळेचे पीटी सर आणि क्लबचे सर यांचं पटत नसेल तर मुलाच्या कानात तुमच्यासकट तीन कोच असतात. एक म्हणतो झोन खेळ, म्हणजे आपली जागा सांभाळ, दुसरा म्हणतो मॅन टू मॅन, म्हणजे आपला माणूस धर, तिसरा म्हणतो रिंगखाली जा. कमीत कमी एक कमी करणं तुमच्या हातात आहे.

कोचच्या वागण्यात काय चालवून घ्यायचं आणि काय नाही? मोठा आवाज चालतो. उघड्या कोर्टवर, शेजारी दुसरी मॅच चालू असताना, हळू बोलून भागत नाही. ‘हात वर ठेव’ हे ओरडून सांगितलं तर ते शिकवणं. ‘तुझ्या बापानं फी भरली म्हणून आलास का’ हे हळू आवाजात सांगितलं तरी तो अपमान. शिक्षा म्हणून कोर्टला फेऱ्या मारायला लावणं जुनी खोड आहे. एका पळण्याला तर सगळे ‘सुसाइड’ म्हणतात, मी तो शब्द आमच्या कोर्टवर बंद केला. हात उचलणं, वजनावरून, रंगावरून, जातीवरून बोलणं, मुलांना ‘मुलींसारखा खेळतोस’ म्हणणं : यातलं काही दिसलं तर सरांशी चर्चा नको, थेट क्लबच्या कमिटीकडे लेखी द्या.

पैशाची बाजूही बघा. क्लबचं मानधन थोडं, म्हणून बरेच कोच खासगी कोचिंग घेतात. त्यात गैर नाही. पण स्वतःच्याच संघातल्या मुलांना पैसे घेऊन वेगळं शिकवणं आणि मग त्याच संघाची निवड करणं, हे बरोबर नाही. किट स्पॉन्सर करणाऱ्याचा मुलगा सलग पाच मॅच स्टार्टिंग फाइव्हमध्ये दिसला, तर लोक बोलणारच. ‘दुसऱ्यांच्या कॅम्पला गेलास तर संघात नाही’ अशी धमकी देणारे कोच मुलावर हक्क सांगतात, तिथून निघा.

आणि एक गोष्ट यापेक्षा वेगळी, तिच्यात चर्चा नाही. रात्री मुलाला किंवा मुलीला खासगी मेसेज, एकट्याला थांबवून घेणं, बाहेरगावच्या स्पर्धेला कोचनं मुलांच्या खोलीत झोपणं, मुलींच्या संघाबरोबर बाई मॅनेजर नसणं. हे होऊ नये म्हणूनचे नियम क्लबकडे लेखी असायला हवेत, आणि ते मागितल्यावर कोच चिडला तर तेच उत्तर समजा. लैंगिक छळाचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं ज्याला कळलं त्याच्यावर बंधनकारक आहे; ‘क्लबचं नाव जाईल’ म्हणून आत मिटवणाऱ्यांनाही शिक्षा आहे. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर.

उन्हाळ्यात अमेरिकेतून सुट्टीला आलेली काही मराठी मुलं आमच्याकडे खेळायला येतात. तिकडच्या क्लब बास्केटबॉलमध्ये एका वीकएंडला चार-पाच मॅच होतात असं सांगतात. तिकडच्याच राष्ट्रीय संघटनेनं आणि एनबीएनं २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. १२ ते १४ वर्षांच्या मुलांना दिवसाला एकच मॅच, आठवड्याला जास्तीत जास्त दोन. आणि एकाच खेळाला जुंपणं चौदाव्या वर्षापर्यंत टाळा. म्हणजे तिथेही कागद वेगळा आणि शनिवार वेगळा. आपल्याकडे मे महिन्यात सिमेंटच्या कोर्टवर सकाळी एक, संध्याकाळी एक अशा मॅच ठेवतात, आणि ‘झेपेल का’ हे पोराला कुणी विचारत नाही. हे तुम्ही विचारू शकता. एका पालकानं विचारलं तर तो कटकट्या ठरतो, चौघांनी मिळून विचारलं तर वेळापत्रक बदलतं.

क्लब बदलण्याबद्दल : आत्ता नाही. वर सांगितलेल्या नको त्या गोष्टींपैकी काही असेल तर उद्याच. नसेल, तर सीझन संपू द्या. दरम्यान तुम्ही तीन मॅच गप्प बसून बघा. गप्प म्हणजे टाळ्या चालतील, त्याही समोरच्याच्या चांगल्या बास्केटला सुद्धा. सर तेवढ्यात कसे वागतात तेही कळेल, कारण आत्तापर्यंत त्यांच्या ओरडण्यात तुमचं ओरडणं मिसळलेलं होतं. मग मुलाला विचारा, इथे राहायचंय का. त्याचे मित्र या संघात आहेत, ते तुमच्या हिशोबात नसेल, त्याच्या आहे. नवीन क्लब बघायला गेलात तर मॅच बघू नका, मंगळवारची साधी प्रॅक्टिस बघा, न सांगता. तासाभरात किती वेळ मुलं रांगेत नुसती उभी आहेत ते मोजा. सगळ्यात कच्च्या पोराकडून बॉल सुटल्यावर कोच काय म्हणतो ते ऐका. आणि पाणी प्यायला सोडल्यावर मुलं कोचपासून लांब जाऊन बसतात की त्याच्या आसपास, तेवढं बघून या.